तुटवडा खरा होता, पण रांगेत शेवटचा नंबर आपलाच का?

संत्राबाग_वरूड
परवा इथं एका भाऊंनी लिहिलं, की २०२१ चा प्लेस्टेशन ५ चा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्याचा, तुटवडा हा निव्वळ बनाव होता, सोनी कंपनीनं माल दाबून ठेवला. वर हेही, की "खेड्यातल्या पोट्ट्याइले कायले पाह्यजे पन्नास हजाराचा डब्बा, आधी बापाचं कर्ज फेडा." दोन दिवस गप्प बसलो. आता लिहितो.

आधी माल दाबल्याचं. त्या डब्यातली चिप एएमडी कंपनीची, पण बनते तैवानात, टीएसएमसीच्या कारखान्यात. तिथंच एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या तसल्याच डब्याची चिप आणि एएमडीचे कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनत होते. लॉकडाऊनमध्ये साऱ्या जगाला एकाच वेळी लॅपटॉप पाहिजे झाला. चिप तयार होऊन बाहेर पडायला महिने लागतात, नवा कारखाना उभा राहायला वर्षं. वरूड-मोर्शीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. भाव चढला म्हणून संत्रा त्याच साली दुप्पट निघते का? कलम लावल्यावर बहार धरेपर्यंत चार-पाच वर्षं थांबावंच लागते. शिवाय सुरुवातीला कंपनी तो डबा तोट्यात विकत होती, कमाई गेममधून काढायची होती. डबा घरात गेलाच नाही तर गेम कोण घेणार?

आता पोट्ट्यांचं. १२ जानेवारी २०२१, दुपारी बाराला बुकिंग उघडलं. आमच्या घरात रेंज नसते, म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढून बसलो होतो. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले होते आणि बाबांनी स्वतः ४९,९९० रुपये मोजून दिले होते. पिनकोड टाकला, तर "या ठिकाणी डिलिव्हरी उपलब्ध नाही". नागपूरच्या मामेभावाचा पत्ता टाकेपर्यंत माल खतम. माझी मागणी कुठंच मोजली गेली नाही. मग हेच लोक म्हणणार, खेड्यात मागणी नाही!

काळीमाती_दारव्हा
थे म्याच लिहिलं होतं अन् मागं घेत नाही. माल खरंच कमी होता तर भाव काहून वाढवला? नोव्हेंबर २०२२ मंदी ४९,९९० चा डब्बा ५४,९९० ले केला. दोन वर्स जुनी वस्तू स्वस्त व्हाले पाह्यजे का महाग? लोकं रांगेत उभे हायेत हे पाहूनच भाव चढते.

अन् कर्जाचं म्या उगाच नाही लिहिलं. माह्या काकाच्या पोरानं हप्त्यावर डब्बा घेतला. सोयाबीन पाण्यात गेलं, दोन हप्ते थकले, वसुलीवाले दारात आले. काकू आठ दिवस जेवली नाही धड. तुमच्या बाबानं मोजून देल्ले, सगळ्याइचे बाबा नाही देऊ शकत.

संत्राबाग_वरूड
भाववाढीचं तुमचं बरोबर आहे. ऑगस्ट २०२१ पर्यंत डिस्क टाकायची सोय असलेल्या डब्यावरचा तोटाही संपला होता, म्हणजे नंतरच्या वाढीला तोट्याची सबब लागू पडत नाही. एवढं मान्य करतो, पण एवढंच. चिप नव्हती, हे खरंच आहे. आणि काकूंचं ऐकून वाईट वाटलं, पण तो दोष हप्त्याचा आणि पावसाचा. बाईकच्या हप्त्यापायी किती घरं बसली, त्यावर कोणी धागा काढत नाही.

परतवाडा_एक्सप्रेस
तुम्ही दोघं चिपवर भांडता, दुकानात काय चाललं होतं ते ऐका. त्या साली अमरावतीच्या एका दुकानात गेलो. डबा समोर दिसत होता. म्हणे सुटा देत नाही. दोन गेम, एक जास्तीचा कंट्रोलर आणि हेडसेट घ्या, एकूण ७१ हजार. यातला एक गेम मी मोबाईलवरही खेळलो नसतो. ही सरळ सरळ लिंकिंग आहे. डीएपी खत पाहिजे तर झिंकची पिशवी घ्या, तसंच.

कृषीकेंद्र_पुसद
लिंकिंगचं नाव निघालं म्हणून बोलतो. दरवेळी शिव्या आम्हाला. वरून गाडी येते तेव्हा डीएपीसोबत सल्फर, नॅनो खताची बाटली, विरघळणारं खत आमच्या माथी मारलं जाते. नाही म्हटलं तर पुढची गाडी दुसऱ्याच्या दारात. तो माल मी घरी ठेवून लेकरांना खाऊ घालू का?

काळीमाती_दारव्हा
मंग शेतकऱ्यानं खावा का? २०२१ च्या खरिपात सरकारनं डीएपीच्या गोणीवरची सबसिडी ५०० ची १,२०० केली, कायले? तर गोणी १,२०० लेच भेटावं म्हणून. अन् माह्या बापाले थे गोणी पडली साडेसोळाशेले, संगं माथी मारलेल्या मालाचे दोन डबे. पावती मांगतली तं म्हणे "पावती पाह्यजे तर माल नाही". तुमच्यासारखाच एक होता.

कृषीकेंद्र_पुसद
"तुमच्यासारखाच" म्हणू नका. सतरा वर्षं दुकान चालवतो, एकालाही बिनपावतीचं पोतं दिलं नाही. उधारी किती अडकली ते येऊन पाहा. पेरणीच्या वेळी बँक दारात उभी करत नाही तेव्हा कोण देते बियाणं?

परतवाडा_एक्सप्रेस
भाऊ, उधारी देता म्हणून लिंकिंग माफ होत नाही. खतात तर कायद्यानंच मनाई आहे, १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि त्याखाली १९८५ चा खत नियंत्रण आदेश. माझ्या कंट्रोलरसाठी तसलं काहीच नव्हतं. तुम्हाला तक्रार करायला जागा तरी आहे.

कृषीकेंद्र_पुसद
तक्रार केली होती. तपासणी आली ती माझ्याच दुकानात. वरच्याला कोणी विचारलं नाही.

संत्राबाग_वरूड
हेच तर मी म्हणतोय! माल कमी पडला की वरचा खालच्यावर ढकलतो आणि शेवटी जो सगळ्यात दूर राहतो त्याच्या अंगावर येते. डबा असो की डीएपी. पण कृपा करून धागा खतावर नेऊ नका.

काळीमाती_दारव्हा
खतावरच राहील. डब्ब्याबिना कोणाचं पीक नाही जळत.

संत्राबाग_वरूड
पीक जळत नाही, हे कबूल. पण शेतकऱ्याच्या पोराला खत सोडून दुसरं काही मागायचा हक्कच नाही का? शहरातल्या पोराला कोणी विचारत नाही, की तुझ्या बापावर घराचं कर्ज किती. जानेवारी २०२३ मध्ये सोनीनं सांगितलं, की आता डबा सहज मिळेल. त्यानंतर महिनाभरात मला नागपुरात सीताबर्डीला सुटा मिळाला, पाच हजार जास्तीचे देऊन. एसटीत मांडीवर घेऊन आणला. बाबा आता रात्री माझ्यासोबत क्रिकेट खेळतात. लाइट असली तर.

काळीमाती_दारव्हा
बाबा खेळतात हे बेस आहे. "कायले पाह्यजे" हे वाक्य जरा जास्त झालं माह्याकडून. भावाचं मात्र सोडत नाही.

अन् पुसदवाले, त्या तक्रारीची नक्कल हाय का तुमच्यापाशी?

कृषीकेंद्र_पुसद
आहे. पोचपावतीसकट. सोमवार सोडून कधीही या, दुकान सकाळी नऊला उघडते.