कायली मिनोग गायिका की मालिकेची पुण्याई?

कृष्णाकाठचा_कावळा (सांगली):
'जवारी_मिरज' यांनी परवा टाकलेली पोस्ट जशीच्या तशी देतो, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' नको: "कायली मिनोगला पुन्हा ग्रॅमी मिळाल्याचं कौतुक वाचतोय. मालिकेत दिसली म्हणून रेकॉर्ड निघाली, गाणी दुसऱ्यांनी लिहून दिली, उरलेलं कपड्यांनी केलं. याला गायनातली कारकीर्द म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतला बँजोवाला तानसेन आहे." खाली अंगठ्यांची रांग. तिथं प्रतिसाद लांबायला लागला म्हणून वेगळा धागा.

बाई १९८६ साली 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेत आली, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मेकॅनिक पोरीची भूमिका होती. मेलबर्नची पोर, त्याआधीही लहानपणापासून टीव्हीवर कामं करतच होती. एका फुटबॉल क्लबाच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, मालिकेतली मंडळी गायला उभी राहिली, त्यात हिनं 'लोकोमोशन' म्हटलं. त्यावरून १९८७ ला रेकॉर्ड, आणि ती ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या नंबरवर. इथवर मालिकेची पुण्याई. मान्य, लिहून देतो.

मग लंडन. स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन हे त्रिकूट तेव्हा गाण्यांचा घाणा चालवायचं. ही तिकडं पोचली तर आज कोण येणार होतं हेच ते विसरलेले. ती बाहेर बसून राहिली आणि आत चाळीस मिनिटांत गाणं लिहून झालं. तेच १९८८ ला ब्रिटनमध्ये पाच आठवडे वर. आता जवारीसाहेब टाळी वाजवतील, चाळीस मिनिटांचं गाणं म्हणून. थांबा. त्याच त्रिकुटानं जेसन डोनोव्हनलाही गाणी दिली. हा तिचा मालिकेतला नवरा. त्या दोघांचं लग्न ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८८ मध्ये दाखवलं तेव्हा दोन कोटींच्या आसपास माणसं टीव्हीसमोर बसली होती. १९८९ साली ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेला अल्बम त्याचा. तिचा नव्हे, त्याचा! आज किती जणांना त्याचं एक गाणं आठवतंय? मालिका तीच, गाणी देणारे तेच, प्रेक्षक तेच. मग ती टिकली आणि तो नाही, हे कपड्यांनी झालं?

१९९२ ला तिनं त्रिकूट सोडलं. १९९५ ला निक केव्ह या गायकाबरोबर खुनाचं गाणं गायली, त्यात खून हिचाच होतो. १९९७ च्या अल्बमात स्वतः लिहायला बसली आणि तो ब्रिटनमध्ये आपटला. सगळे म्हणाले, झालं, संपली. २००१ ला जे गाणं आलं ते ४० देशांत पहिल्या नंबरवर गेलं. २००४ ला ग्रॅमी, पुढची २०२४ ला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकापासून सलग पाच दशकांत पहिल्या नंबरचा अल्बम देणारी ती पहिली बाई. एवढं सगळं दोन वर्षांच्या मालिकेच्या जिवावर झालं असेल तर 'नेबर्स' हे जागृत देवस्थान आहे, आपण सगळ्यांनी दर्शनाला जाऊ.

जवारी_मिरज:
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. घरी सांगितलं, बायको म्हणाली, चला, कुणीतरी वाचतं तुमचं.

२००१ च्या गाण्याचं अर्धंच सांगितलंत. ते कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी लिहिलं आणि कायलीच्या आधी दुसऱ्यांकडं फिरून आलं होतं. त्यांनी नको म्हटलं म्हणून हिच्याकडं. म्हणजे ज्याच्या तोंडी घालाल त्याचं झालं असतं. आणि 'नेबर्स' हा कारखानाच होता हो! डोनोव्हन झाला, क्रेग मॅक्लॅक्लन झाला, स्टेफन डेनिस झाला, पुढं नॅटली इम्ब्रुलिया. तिचं १९९७ चं गाजलेलं गाणं तर १९९३ ला डॅनिश भाषेत निघून गेलेलं. टीव्हीवर चेहरा ओळखीचा करायचा, मग कॅसेट विकायची. यात गळा कुठं येतो?

मी तानपुऱ्याच्या घरातला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, महिनोन् महिने घासत बसायचं, आणि शेवटी जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजता नाद, काढताना घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दोऱ्याचा केसभर फरक पडला तर सगळी मेहनत मुकी. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी, हो, त्याच वर्षी तुमच्या बाईला दुसरी ग्रॅमी. पेपरात आमची बातमी कुठं होती आणि तिचा फोटो केवढा होता ते एकदा काढून बघा. आणि आता गायक मंडळी मोबाईलमधला तानपुरा लावून बसतात. मैफिलीत! दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला गायला येणारेसुद्धा खिशात ॲप घेऊन येतात. हे सगळं एकाच रोगाचं लक्षण आहे.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी (सातारा):
मालिकेचा विषय निघालाच आहे तर बोलू द्या. आमच्या गावात एका मालिकेचं शूटिंग आलं. वाडा आमच्या चुलत्यांचा. आधी गोड बोलून दार रंगवलं, मग अंगणातली तुळस हलवली, मग म्हणाले, म्हशी ओरडतात, गोठा लांब न्या. आरं गोठा हाय का मोटारसायकल? गर्दीत उभं राहायला गावातली पोरं, मजुरी म्हणून चहा, वडापाव आणि 'टीव्हीवर दिसाल'. वाड्याच्या भाड्याचा शेवटचा हप्ता अजून यायचाय. मालिका कधीच संपली. त्यातला एक नट आता यूट्यूबवर गाणी म्हणतोय, 'मातीतला आवाज' म्हणून. माती आमची, आवाज मशीनचा. म्हणून जवारीकाकांशी सहमत.

कृष्णाकाठचा_कावळा:
भाऊ, तुमच्या भाड्याचं वाईट वाटलं, पण ते कायलीनं थकवलेलं नाही.

भडंग_आणि_चहा (विश्रामबाग, सांगली):
सगळे पुरुष तिच्या कपड्यांवर आणि गळ्यावर बोलून झाले असतील तर एक सांगते. २००५ साली ऐन दौऱ्यात तिला स्तनाचा कर्करोग निघाला. वय ३६. तिनं ते लपवलं नाही. त्या बातम्यांच्या पंधरवड्यात ऑस्ट्रेलियात तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायका ४० टक्क्यांनी वाढल्या, त्यावर डॉक्टरांनी अभ्यास छापलाय. त्याच सुमारास माझ्या मोठ्या जावेला गाठ लागली होती आणि ती कुणाला बोलत नव्हती. मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने, तरी सासूला कळेल म्हणून गप्प. मी पेपरातली ती बातमी वाचून दाखवली, ही बघ केवढी मोठी नटी आणि जगाला सांगतेय. तेव्हा कुठं आली माझ्याबरोबर. आज नातवंडं खेळवतेय. कायली कोणत्या पट्टीत गाते ते मला ठाऊक नाही आणि जावेलाही नाही.

बाकी तिला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. २००९ च्या दिवाळीत आलेल्या 'ब्लू'मध्ये अक्षयकुमारबरोबर ती नाचली होती, संगीत रहमानचं, बरोबर सोनू निगम. आमच्या दिराच्या वरातीत डॉल्बीवर तेच वाजलं होतं. नाचणाऱ्यांत मिरजेचे बरेच सूरदास होते.

जवारी_मिरज:
ताई, तुमच्या जाऊबाईंना उदंड आयुष्य मिळो, मनापासून. पण त्यानं बाई धीराची ठरते, गायिका ठरत नाही. वरातीत मी नव्हतो.

कृष्णाकाठचा_कावळा:
बरं, आता मुद्द्याचं विचारतो. गाणी दुसऱ्यांनी बांधलेली, चेहऱ्यावर लोक भाळलेले, आधी अभिनय आणि त्यातून गाणं. हा गुन्हा असेल तर आपल्या जिल्ह्यातला पहिला आरोपी कोण? नागठाण्याचे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखल्यांच्या. लोक शकुंतला, भामिनी, रुक्मिणी बघायला येत होते. बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकल्या. त्या काळातली मालिकाच ती, फक्त दर रात्री वेगळ्या गावात.

जवारी_मिरज:
बालगंधर्व??
कायलीच्या ओळीत बालगंधर्व? अहो लाज वाटू द्या. ज्या मिरजेत त्यांनी रंगभूमीवर पाय ठेवला तिथं बसून मी हे वाचतोय. भास्करबुवांनी नुसत्या चाली दिल्या नाहीत, वर्षानुवर्षं समोर बसवून तालीम दिली. १९११ ला 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली आणि माणूस उभा राहून गायला. माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जायचा, आणि तोही ओरडून नाही, लाडानं. कुठं चाळीस मिनिटांचा घाणा आणि कुठं हे. सांगलीच्या लोकांना विष्णुदास भाव्यांचं नाव घेऊन मिरवायला पाहिजे, १८४३, १८४३ करत, आणि गाण्याचा विषय निघाला की ही अक्कल.

कृष्णाकाठचा_कावळा:
अक्कल काढू नका. तुलना गळ्याची केली नाही, रस्त्याची केली. गळा कुणाचा मोठा हे विचारलंच नव्हतं. तुमचा मूळ आक्षेप 'अभिनयातून आली' आणि 'गाणी दुसऱ्यांची' असा होता. हे दोन्ही बालगंधर्वांना लागू होतात आणि तरी ते बालगंधर्व आहेत, तेव्हा आक्षेपच बाद. सांगलीत वाढलेल्या लताबाईसुद्धा दीनानाथ गेल्यावर १९४२ ला 'पहिली मंगळागौर'मध्ये तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्याच होत्या. कुणी म्हटलं का, ही सिनेमातली पोरगी?

रंकाळ्यावरून (मूळ कोल्हापूर, नोकरी कुपवाडला):
माईकशिवाय गाण्याचा विषय असेल तर आमच्या गायकनट केशवराव भोसल्यांना विसरू नका म्हणजे झालं. ८ जुलै १९२१, मुंबई, संयुक्त 'मानापमान'. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग, वरचं तिकीट शंभर रुपये, त्या काळात. त्या रात्री कुणी कुणाला खाल्लं हे जाणकारांना विचारा.

जवारी_मिरज:
कुणी कुणाला खाल्लं? असली भाषा तालमीत वापरा. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं म्हणून तो प्रयोग अजून सांगितला जातो.

रंकाळ्यावरून:
सांभाळून घेतलं ते केशवरावांनी.

भडंग_आणि_चहा:
झालं. आता कोल्हापूर विरुद्ध मिरज. कायली बिचारी बसली बाहेर, लंडनसारखी.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी:
आमच्या वाड्यातसुद्धा जुन्या काळी नाटकमंडळी उतरायची असं आजोबा सांगायचे. ते पैसे देऊन जायचे.

पेठेत_अडकलेला_सांगलीकर (पुणे):
उशिरा आलो. जवारीकाका, मी ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, रोज नटमंडळींचे गळे दुरुस्त करतो. मालिकेत आठवडाभर गाजलेला चेहरा येतो, दोन ओळी गातो, बाकी आम्ही यंत्रावर सूर ओढून बसवतो. तेव्हा तुमचा राग कळतो. पण कावळ्यांचा डोनोव्हनचा मुद्दा तुम्ही टाळला. यंत्र आणि प्रसिद्धी दोघांना सारखीच मिळाली होती. माझ्या अनुभवानं सांगतो, दुरुस्त केलेला गळा एका गाण्यापुरता चालतो. रंगमंचावर दोन तास नाचत गायला उभं केलं की कळतं. २०१९ ला ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात ती ५१ व्या वर्षी उभी राहिली. २००५ ला तिथंच गायची होती, आजारानं राहून गेलेलं. आवाज पातळ आहे, पल्ला फार मोठा नाही, पण आपल्या आवाजाला काय झेपतं आणि काय नाही हे तिच्याइतकं कमी जणांना कळतं. जे गाणं इतरांनी नाकारलं ते ऐकल्याबरोबर घेणं हासुद्धा कानच आहे.

जवारी_मिरज:
कान आहे, म्हणा. व्यापाऱ्याचा कान. हळदीच्या सौद्यात नुसता हात फिरवून माल ओळखणारे बसतात, तसा. तेवढं देतो तुम्हाला. चाळीस वर्षं दुकान उघडं ठेवलं, गिऱ्हाईक तुटू दिलं नाही, आजारातून उठून पुन्हा गल्ल्यावर बसली. मोठं काम आहे. त्याला गायन म्हणायचा आग्रह सोडा, मीही बँजोवाल्याचा उल्लेख मागं घेतो. तसाही तो चिडलाय, त्यानं ही पोस्ट वाचली.

कृष्णाकाठचा_कावळा:
म्हणजे बँजोवाल्याची माफी, कायलीची नाही. बरं.

जवारी_मिरज:
तो रोज भेटतो.

रंकाळ्यावरून:
केशवरावांचं उत्तर अजून आलेलं नाही. ऑक्टोबर १९२१ ला माणूस गेला, तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच. पुढची तीस वर्षं मिळाली असती तर तुमच्या मिरजेत आज कुणाचं नाट्यगृह असतं ते बोला.

जवारी_मिरज:
वेगळा धागा काढा. इथं नको, इथं त्या बाईचं चाललंय.

रंकाळ्यावरून:
काढतोय. नाव ठेवलंय 'भामिनी कुणामुळं रंगली'. या.

जवारी_मिरज:
शीर्षकातच पक्षपात. येतोच, जेवून.