खोल पाणी म्हणजे फक्त झिरपलेला पाऊस नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की खोलवरचं भूजल म्हणजे सावकाश झिरपलेला पाऊस, बस्स. सगळीकडे तसं नाही हो. उत्तर एस्टोनियातला कॅम्ब्रियन-व्हेंडियन जलधर घ्या, म्हणजे त्या प्राचीन काळातल्या खडकाचा, जमिनीखाली पाणी साठवणारा थर. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन-18 चं (ऑक्सिजनच्या जड प्रकाराचं) मूल्य समुद्राच्या पाण्याच्या तुलनेत उणे 18 ते 22 प्रति सहस्रच्या (हजारी) आसपास. आजच्या पावसाचं साधारण उणे 10-11. इतकं 'हलकं', म्हणजे जड ऑक्सिजन कमी असलेलं पाणी हिमस्तराचंच, म्हणजे हिमयुगात जमिनीवर पसरलेल्या बर्फाच्या अवाढव्य थराचं. बर्फाच्या तळाशी वितळलेलं पाणी वरच्या प्रचंड वजनाने वालुकाश्मात रेटलं गेलं, तेही उत्तरेकडून, म्हणजे आजच्या प्रवाहाच्या चक्क उलट! बर्फ जाऊन 10,000 वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी वरच्या लोंतोवा चिकणमातीच्या थरामुळे ते अजून तिथेच आहे. उपसा केला की जागा भरायला नवा हिमस्तर थोडाच येणार?