शब्दचर्चा : 'आवडते दहा' की 'सर्वोत्तम दहा'?

कडुनिंब

आमचा चित्रपट पाहणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, एक सिनेमा पाहायचा आणि मग त्यावर उशिरापर्यंत वाद घालायचा. यंदा प्रत्येकाकडून दहा चित्रपट लिहून घ्यायचे आणि त्यातून गटाची एक यादी करायची असं ठरलं. चिठ्ठीच्या मथळ्यावरच गाडी अडली. चार मसुदे आले: 'माझे सर्वोत्तम दहा चित्रपट', 'सार्वकालीन श्रेष्ठ दहा', 'माझे आवडते दहा सिनेमे' आणि 'टॉप टेन'. काही जण म्हणाले, काहीही लिहा, अर्थ एकच. मला तो एकच वाटत नाही. 'सर्वोत्तम' वाचलं की माझा हात 'संत तुकाराम'कडे (१९३६) जातो, 'आवडता' वाचलं की 'अशी ही बनवाबनवी'कडे (१९८८). दोन्ही उत्तरं मनापासूनची आहेत. मग मथळा कोणता द्यावा? आणि 'सार्वकालीन' हा शब्द बरोबर आहे का?

अनुस्वार

अर्थ एक नाही हे दाखवायला एक सोपी कसोटी आहे. दोन्ही शब्दांच्या आधी 'माझा' लावून पाहा. 'माझा आवडता चित्रपट' कुणीही प्रेक्षक म्हणू शकतो. 'माझा सर्वोत्तम चित्रपट' मात्र दिग्दर्शकाच्या किंवा नटाच्या तोंडी शोभतं. मी केलेल्या कामांतलं सर्वांत चांगलं, असा त्याचा अर्थ होतो. प्रेक्षकाला 'माझ्या मते सर्वोत्तम' असंच म्हणावं लागतं. 'मते' घातल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही, कारण उत्तमपणा हा चित्रपटाचा गुण आहे आणि मी त्यावर फक्त मत देऊ शकतो. आवड मात्र माझीच असते, तिला 'माझ्या मते' लागत नाही. 'माझ्या मते माझा आवडता चित्रपट' असं कुणी म्हणत नाही.

क्रियापदही हेच सांगतं. 'मला तो सिनेमा आवडतो' यात कर्ता सिनेमा आहे, आणि मी चतुर्थीत बसलो आहे. आवडण्याचं काम सिनेमा करतो, ते माझ्या बाबतीत घडतं. 'मी तो सिनेमा निवडतो' यात कर्ता मी. म्हणून आवडीचं कारण सांगता आलं नाही तरी चालतं. निवडीचं कारण विचारलं जातं आणि ते द्यावं लागतं.

आता 'सार्वकालीन'. -इक प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: वर्ष-वार्षिक, इतिहास-ऐतिहासिक, सर्वत्र-सार्वत्रिक. म्हणून सर्वकाल-सार्वकालिक. -ईन लागलेल्या आपल्या रोजच्या शब्दांत वृद्धी दिसत नाही: समकालीन, तत्कालीन, कुलीन. त्या चालीने 'सर्वकालीन' होईल. 'सार्वकालीन'मध्ये पुढचा भाग एका रूपाचा आणि मागचा दुसऱ्या रूपाचा झाला आहे. 'सार्वकालिक' लिहा.

खडूफळा

अनुस्वार, एक अडचण. संस्कृतात 'सार्वजनीन' आहे. तिथे -ईन असूनही वृद्धी आहे. कोलकात्यात दुर्गापूजेच्या मंडपांवर हा शब्द सर्रास असतो, आपल्या 'सार्वजनिक गणेशोत्सवा'सारखाच.

अनुस्वार

बरोबर आहे, संस्कृतात वृद्धी करणारा -ईनही आहे, पण तो ठरावीक शब्दांनाच लागतो. म्हणूनच मी 'रोजच्या शब्दांत' म्हटलं. 'काल'वरून आलेले मराठीतले शब्द पाहिले तर समकालीन, तत्कालीन, दीर्घकालीन, अल्पकालीन यांपैकी एकातही वृद्धी नाही. त्या रांगेत 'सार्वकालीन' एकटा पडतो.

ओसरी

रूप शुद्ध झालं तरी माझा आक्षेप अर्थालाच आहे. 'सार्वकालिक' म्हणजे सर्व काळांत लागू असणारं, उद्याही. सार्वकालिक सत्य असतं. मला आज प्रिय असलेला सिनेमा वीस वर्षांनी प्रिय राहीलच, असं मी कसं लिहून देऊ? हा अर्थ सांगायला मराठीत साधा, नेमका शब्द आहे: 'आजवर'. 'आजवर पाहिलेल्यांत सर्वांत आवडता.' यात मी काय पाहिलं ही मर्यादा आली आणि आजपर्यंतचा काळही आला. यापेक्षा मोठा दावा करायचं प्रेक्षकाला कारण नाही.

आणि 'आवडता'बद्दल. हा शब्द आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्यांतून रुजलेला आहे. शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवण, जाडंभरडं नेसणं, राहायला गुरांचं बेडं. तिच्यात काय कमी होतं, हे कहाणी सांगत नाही, कारण तो प्रश्नच नाही. ती देवाकडे मागते तेही पाहा: सासूसासऱ्यांना, दिराभावांना, नवऱ्याला नावडती आहे ती आवडती कर. 'मला गुणी कर' असं मागत नाही. आवडतं-नावडतं असणं हे दुसऱ्याच्या मनातलं स्थान आहे आणि ते बदलू शकतं, हे तिला ठाऊक आहे. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हणही तेच सांगते. मीठ तेच असतं. चव घेणारा आधीच ठरवून बसलेला असतो.

त्यामुळे 'आवडते दहा' असा मथळा असेल तर कुणालाही कुणाच्या यादीवर 'हा कसा काय आला?' असं विचारायचा हक्क राहत नाही. तो हक्क हवा असेल तर 'सर्वोत्तम' लिहा. पण मग वाद घालायची तयारी ठेवा, आणि कारणं तयार ठेवा.

तिकीटखिडकी

दोनच नाहीत, तीन शब्द आहेत. 'चाललेला' विसरलात. आमच्या पिढीत सिनेमाबद्दल पहिलं बोलणं हेच असायचं. सिनेमा लागतो, चालतो, पडतो, उतरतो. लागला म्हणजे थेटरात आला, उतरला म्हणजे थेटरातून गेला. चालला तर पंचवीस आठवड्यांना रौप्यमहोत्सव, पन्नासांना सुवर्णमहोत्सव. पुण्याच्या विजयानंदला 'सांगत्ये ऐका' (१९५९) १३१ आठवडे चालला, हा आकडा अजून लोकांच्या तोंडी आहे. यात आवडही नाही आणि उत्तमपणाही नाही, नुसता हिशोब आहे. पण तो हिशोब हजारो लोकांनी पदरचे पैसे घालून केलेला आहे, म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही. 'गाजलेला' याहून वेगळा. गाजणं म्हणजे नाव घुमणं. न चालताही सिनेमा गाजू शकतो, पारितोषिकांमुळे किंवा वादामुळे. तुमच्या चिठ्ठीत हे दोन्ही शब्द नाहीत हे चांगलं आहे, पण लोक 'श्रेष्ठ' वाचून गाजलेल्यांची नावं लिहितात हे ध्यानात ठेवा.

आवडता कोणता हे ओळखायला आमच्याकडे एक शब्द आहे: पारायण. पोथीचं करतात तसं सिनेमाचं करतात. 'बनवाबनवी'ची पारायणं झालेली घरं मी पाहिली आहेत. पडद्यावरचं पात्र बोलायच्या आत खोलीतली चार माणसं ते वाक्य बोलतात, तेही त्याच लयीत, त्याच ठिकाणी थांबून. 'संत तुकाराम' मी अत्यंत आदराने पाहिला, शेवटपर्यंत हललो नाही. पारायण केलं नाही.

पैलतीर

मी लंडनला असतो. इथल्या 'साइट अँड साउंड' मासिकाचा कौल या चर्चेत आणण्यासारखा आहे. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते जगभरच्या समीक्षकांना दहा-दहा चित्रपट विचारतात. पहिल्या खेपेस 'बायसिकल थीव्हज' वर आला, तेव्हा तो चित्रपट जेमतेम चार वर्षांचा होता. १९६२ ते २००२ पाचही वेळा 'सिटिझन केन'. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'. २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांनी मत दिलं आणि शांताल अकरमन यांचा 'जान डिलमन' पहिला आला. स्त्री दिग्दर्शकाचा चित्रपट पहिल्या स्थानी यायची ती पहिलीच वेळ. 'पथेर पांचाली' त्या यादीत पस्तिसावा आहे.

लोकांना वाटतं हे समीक्षक एक ते दहा असे क्रमांक लावून देतात. तसं नाही. चिठ्ठीत क्रम नसतो, दहापैकी प्रत्येकाला एकेक मत, आणि शेवटी मतांची बेरीज. म्हणजे एकाही समीक्षकाच्या मनात पहिला नसलेला चित्रपटसुद्धा यादीत पहिला येऊ शकतो. 'श्रेष्ठ' म्हणजे काय, हेही मासिक ज्याचं त्याच्यावर सोडतं: इतिहासातलं महत्त्व म्हणा, कलागुण म्हणा, नाहीतर तुमच्यावर झालेला परिणाम म्हणा. त्यामुळे मतं आवडीची आणि मथळा श्रेष्ठतेचा, असा प्रकार तिथेही होतोच. आवडींची बेरीज केली की ती श्रेष्ठता होते का? मला वाटतं, नाही होत. होते ती सहमती.

खडूफळा

क्रमाचा विषय निघालाच आहे तर मराठीत याची एक उत्तम जोडी आहे, आणि दर जूनमध्ये घरोघरी ती बोलली जाते. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात विद्यार्थी महाविद्यालयांचा *पसंतीक्रम* भरतो. प्रवेश मात्र गुणांवर ठरतात, म्हणजे *गुणानुक्रमे* लागतात. पसंतीक्रम मुलाचा, त्याला कारण द्यावं लागत नाही. घराजवळ आहे, मैत्रीण तिथे जाते आहे, काहीही. गुणानुक्रमाला मात्र आकडा लागतो आणि त्याला आव्हान देता येतं. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातही मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो, तोही पसंतीक्रमच. तिथे पहिली पसंती दिली नाही तर मत बाद.

मग 'आवडत्या दहांची क्रमवारी' असं न म्हणता 'पसंतीक्रम' म्हणा. 'क्रमवारी' ऐकलं की क्रिकेट डोळ्यांपुढे येतं, म्हणजे गुण, आकडेमोड, दर आठवड्याला वर-खाली. आणि हल्ली काही ठिकाणी चित्रपटांना 'मानांकन' देतात. क्रीडापानावर मानांकन म्हणजे स्पर्धेच्या आधी दिलेलं स्थान, 'अग्रमानांकित' खेळाडू हरतोही. सिनेमाला ते लावू नये.

ओसरी

पसंतीक्रम फार चांगला शब्द सुचवलात. पण आवडत्या गोष्टींना क्रमांक लावणं मला मुळातच जड जातं. पहिले दोन-तीन सांगता येतात आणि शेवटचे दोन कोणते गळतील तेही कळतं. मधल्या पाचांत चौथा आणि सहावा यांत फरक करायला गेलं की मी नकळत गुण शोधायला लागते: याचं छायाचित्रण चांगलं, त्याचं संगीत चांगलं. म्हणजे आवडीचा कागद बाजूला ठेवून मी परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसले.

कडुनिंब

हे अगदी असंच आमच्याकडे झालं! मग 'निवडक दहा' कसं वाटतं? क्रमही नाही आणि श्रेष्ठतेचा दावाही नाही.

अनुस्वार

'निवडक' चांगला आहे, फक्त त्याच्या क्रियापदाकडे बघा. तांदूळ निवडतात तेव्हा खडे काढतात आणि तांदूळ सगळे ठेवतात. 'निवडक कविता' म्हणतात तेव्हा थोड्या ठेवतात आणि बाकी सगळ्या सोडतात. एकाच क्रियापदाच्या या दोन उलट दिशा आहेत. चित्रपटांच्या बाबतीत दुसरी दिशा असते, आणि तिथे 'वेचक' जास्त जवळचा: पसरलेल्यातून हवं तेवढं उचलणं. पण 'निवडक' रूढ आहे, चालेल. 'आवडनिवड' या जोडशब्दात हे दोघे शेजारी बसतात आणि भाषेने क्रमही ठरवून ठेवला आहे: आधी आवड, मग निवड.

आणखी एक बारकावा. 'माझे दहा आवडते चित्रपट' म्हटलं तर आवडते पुष्कळ असतील, त्यातले दहा दिले, असं ऐकू येतं. 'माझे आवडते दहा चित्रपट' म्हटलं की हे दहाच. संख्या नामाजवळ गेली की यादी बंद होते.

तिकीटखिडकी

या बारकाव्याशी मी सहमत नाही. बोलताना आम्ही दोन्ही सारखंच म्हणतो, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

अनुस्वार

बोलण्यात आघात आणि हातवारे काम करतात, तिथे तुमचं म्हणणं मान्य. मथळ्यात ते नसतात, म्हणून छापताना मी 'आवडते दहा' असंच लिहीन.

पैलतीर

'अभिजात' कुणी सुचवला नाही याचं बरं वाटलं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाल्यापासून हा शब्द कशालाही लावतात. अभिजात ठरायला एक-दोन पिढ्या जाव्या लागतात आणि तो शिक्का एका प्रेक्षकाला मारता येत नाही. 'टॉप टेन'ला मात्र माझा विरोध नाही, सगळ्यांना कळतो. फक्त तो आवडीचा की गुणांचा, हे सांगत नाही, आणि तुमचा सगळा घोटाळा तिथेच आहे.

कडुनिंब

सर्वांचे आभार. काल गटात ही चर्चा वाचून दाखवली आणि चिठ्ठी बदलली. आता चिठ्ठीला दोन बाजू आहेत. पुढे 'आजवर पाहिलेल्यांतले माझे आवडते दहा', क्रमाशिवाय. खाली एक ओळ: 'पहिली पसंती सांगायची असेल तर नावापुढे फुली करा.' मागच्या बाजूला 'माझ्या मते सर्वोत्तम तीन, कारणांसह'. बेरीज फक्त पुढच्या बाजूची करणार. मागच्या बाजूवर जूनच्या बैठकीत वाद घालणार. एकच शंका उरली: पुढची आणि मागची नावं तीच आली तर चालेल का, असं एकाने विचारलं आहे.

ओसरी

चालेल की. आवडतीचं मीठ चांगलंही असू शकतं. त्यांना फक्त मागच्या बाजूला कारणं लिहायला सांगा, आणि 'कारण मला आवडतो' हे कारण तिथे धरू नका.