उघड्या पडलेल्या वाडीत पोफळी जगतील का?

आगरातली सून: आमची वाडी दिवेआगरला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पोफळी (सुपारीची झाडं) गेल्या. काही मुळासकट, बऱ्याच कमरेत मोडून एकीवर एक आडव्या. माड निम्मे उभे आहेत. लग्न होऊन आल्यापासून पडवीतून सुरूचं बन कधी दिसलं नव्हतं, आता तेवढंच दिसतं (तेही मोडकंच). भर दुपारी विहिरीवर अनवाणी जायचो, आता पाय पोळतात.

खोडं ओढताना खाली आपसूक रुजलेली रोठ्याची (इकडच्या सुपारीची) रोपं सापडली, दोन-दोन पानांची. मामंजी म्हणतात, आत्ताच लावून टाका, मला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. पण सावली कुठाय? दुसरं, लोणच्याचा रायवळ आंबा विहिरीकडे कलंडलाय, एका बाजूची मुळं अजून मातीत आहेत. जेसीबीवाला म्हणतो सरळ करून देतो. करू का?

माळीबुवा: पोफळ उन्हातली नव्हे, ताई. कोवळं रोप करपतं आणि दक्षिण-पश्चिमेचं ऊन बसून खोडाची साल तडकते. पाऊस धरून आधी केळी लावा. रोपं तोवर पिशवीत वाढवा, केळीची सावली झाली की नऊ-नऊ फुटांवर लावा. मामंजींना सांगा, पिशवीतलं रोपसुद्धा वाढतच असतं.

खाडीपलीकडचा: माडाची पडलेली खोडं वाडीत कुजू देऊ नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि उभ्या माडांचा कोंब पोखरतो. ज्यांचा शेंडा मोडलाय त्यांची आशा सोडा, माडाला काय नि पोफळीला काय, कोंब एकच. पोफळीची चांगली खोडं मात्र फुकट देऊ नका. मांडवाला होतात, चिरून पन्हळी होतात. सध्या जो तो 'नेतो हो' म्हणत दारात येतोय.

माळीबुवा: आंब्याचं राहिलं. जेसीबीने उचललात तर धरलेली मुळंही तुटतील. आहे तसाच ठेवा, वरचा भार छाटा, कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, उघड्या मुळांवर माती ओढा, खाली भक्कम टेकू द्या. आंबा बुंध्यातून फुटतो. बुंध्याशी भुसा दिसला तर भिरूड (खोड पोखरणारी अळी) समजा, लगेच बघा.

खाडीपलीकडचा: विहिरीवर झुकलाय म्हणतायत त्या! कठडा ढासळला तर पाणी कुठून आणणार? मी असतो तर तोडला असता.

आगरातली सून: कठडा शाबूत आहे, आज हात लावून बघितला. विहिरीकडच्या फांद्या उद्या उतरवतो, बुंधा राहील. खोडंही हलवायला घेतो. केळीचं पटलं, फक्त एक अडचण: वानरं. वादळानंतर त्यांनाही खायला काही उरलेलं नाही, कोवळा गाभासुद्धा ओरबाडतात. फटाके वाजवून झाले, ढिम्म हलत नाहीत. श्रीवर्धनकडे कोणी यावर काही केलं असेल तर सांगा, मग केळीचे मुनवे (लावायचे कोंब) आणते.