जुना कागद खरेदीखताचा की गहाणाचा? लवकर मदत हवी आहे

रानातली_चिंच
पणजोबांनी पेठेतल्या सावकाराला रान लिहून दिलं, त्याचा मूळ कागद हाती आलाय. वर स्पष्ट 'खरेदीखत' आहे. आमची आत्या ठामपणे सांगते की रान विकलं नव्हतं, गहाण टाकलं होतं. आज तिथे दुकानांचे गाळे आहेत. चुलतभाऊ सोमवारी वकिलाला पैसे देऊन दावा लावायला निघालाय. मला एवढंच सांगा, खरेदीखत असं नाव असलेला कागद गहाणाचा असू शकतो का? हो की नाही? सातबारा काढा म्हणू नका, काढलेला आहे.

माळशिरसकर
सातबारा ऑनलाइन मिळतो, पण डिजिटल सहीचाच घ्या. साधा उतारा कुठे चालत नाही.

कऱ्हाकाठ
गाव कुठलं, साल कुठलं, मोडी की बालबोध, स्टॅम्पचा की कोरा? यातलं काहीच लिहिलं नाहीत. हो-नाही कशाच्या जोरावर सांगायचं?

रानातली_चिंच
मोडी आहे, ओळखीतल्या एकांनी वाचून दिला. साल १२९५. गाव सुप्याच्या बाजाराला लागून, नाव देत नाही. स्टॅम्प आहे, मागे शिक्का आणि इंग्रजी सही आहे. आता सांगा.

जुना_तलाठी
१२९५ म्हणजे फसली की शुहूर? जुन्या कागदांत ही दोन वेगळी सालं चालत. शुहूर धरलं तर १८९४ येतं, आपल्याकडची फसली धरली तर १८८५. नऊ वर्षांचा फरक आहे. वरच्या ओळीत शके असेल, ते बघा.

रानातली_चिंच
शके १८०७, पार्थिव नाम संवत्सर.

जुना_तलाठी
मग फसलीच. १८८५-८६.

अबोली_२२
कागद आधी लॅमिनेट करून घ्या हो, नाहीतर तुकडे पडतील.

मोडीमित्र
अबोलीताई, असं कुणाला सांगू नका! लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि उष्णतेने जुना कागद खराब होतो. सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा, घड्या घालू नका, फोटो काढून ठेवा.

भीमथडीचा_घोडा
सुपे म्हटल्यावर राहवत नाही. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. भीमथडी तालुक्यातल्या याच सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हातात काय हवं होतं? खतं, कर्जाचे रोखे, हिशेबाच्या खतावण्या! ते कागद जाळले. मग लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. खून जवळजवळ झालेच नाहीत, राग कागदावर होता. पाळंमुळं त्याच्या मागे आहेत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला, इकडे भाव चढले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि त्याच सुमारास इंदापूर-भीमथडीकडे नव्या पाहणीत धारा, म्हणजे जमिनीचा सरकारी सारा, वाढवला. रयत दोन्हीकडून चेपली गेली.

रानातली_चिंच
हे आम्हाला शाळेत होतं. माझा कागद दंग्यानंतर दहा वर्षांचा आहे. माझ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

पेठेतला
आमच्या घराण्याचं पेठेत पिढ्यान् पिढ्या दुकान होतं, म्हणून लिहितो. प्रत्येक वेळी सावकारालाच चोर ठरवू नका. सरकारला धारा रोख हवा, तोही हप्त्याच्या तारखेला. पाऊस पडो न पडो, शेतकऱ्याच्या हातात रोकड कुठून येणार? सावकार भरायचा तेव्हा रान लिलावातून वाचायचं. तो स्वतःही पुण्याच्या पेढीवरून हुंडीने पैसा उचलायचा, त्याचं व्याज त्यालाही चुकत नव्हतं.

भीमथडीचा_घोडा
धाऱ्याचं खरं आहे, मान्य. पण १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली, ती कुणब्याच्या भल्यासाठी. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेतला. चक्रवाढ झाली की नाही? हे धारा भरण्यात मोडत नाही.

पेठेतला
काहींनी केलं. सगळ्यांनी नाही. आमच्या खतावणीत दामदुपटीवर, म्हणजे व्याज मुद्दलाएवढं झालं की, थांबवलेली खाती मी पाहिली आहेत.

कज्जेदलाल_नव्हे_वकील
धागाकर्ते, मूळ प्रश्नाकडे येऊ. हो, असू शकतो. तुमच्या भागात १८७९ चा दख्खन शेतकरी रिलीफ कायदा लागू होता. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. एरवी लेखी दस्तापुढे तोंडी पुरावा चालत नसे. त्या कायद्याला पुढे '१०-अ' हे कलम जोडलं आणि शेतकऱ्याच्या व्यवहारात कागदावर काहीही लिहिलं असलं तरी खरा व्यवहार काय होता हे तपासायची मुभा कोर्टाला दिली. कारण हेच होतं, सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेत आणि रान परत देण्याची गोष्ट तोंडी ठेवत. आता तीन गोष्टी सांगा. रान परत देण्याची अट कागदात आहे का? रक्कम किती आणि रोख किती मिळाली? आणि कागद झाल्यावर रान कसत कोण होतं?

रानातली_चिंच
अट नाही. रान ९ एकर १२ गुंठे, रक्कम १७५ रुपये. त्यात रोख ४० आणि १३५ 'मागील खात्याचे बाकीपोटी'. कसत आम्हीच होतो. त्याच दिवसाचा दुसरा कागद आहे, पणजोबांनी दिलेली कबुलायत, म्हणजे रान कसायला घेतल्याचा करार. धारा आम्ही भरायचा आणि वर सालाला ४२ रुपये खंड, म्हणजे रान कसायचं भाडं. तो नुसता खंडाचा कागद वाटला, म्हणून इथे आधी सांगितला नव्हता.

कऱ्हाकाठ
अहो, तोच तर मुख्य कागद!

कज्जेदलाल_नव्हे_वकील
कऱ्हाकाठ बरोबर बोलले. १७५ वर सालाला ४२ म्हणजे शेकडा २४, म्हणजेच दरमहा दर शेकडा २ रुपये, पैचाही फरक नाही. रानाचा खंड पिकावर, जमिनीच्या मगदुरावर ठरतो, तो व्याजाच्या हिशेबात असा चपखल बसत नाही. हा खंड नाही, व्याज आहे. त्यात धारा कुळानेच भरायचा, रक्कमेतला मोठा हिस्सा जुन्या बाकीचा आणि ताबा जिथल्या तिथे. माझ्या मते व्यवहार कर्जाचा होता, रान तारण होतं. तुमच्या आत्याबाई खरं सांगतात.

पेठेतला
४२ चा आकडा मीही ताडून पाहिला. इथे माझं काही म्हणणं नाही. हे व्याजच आहे.

रानातली_चिंच
म्हणजे दावा लावायला हरकत नाही?

कज्जेदलाल_नव्हे_वकील
नाही, लावू नका. गहाण सोडवण्याची मुदत जुन्या कायद्यात ६० वर्षं होती, १९६३ च्या कायद्यात ती ३० वर आली. १८८५ चं गहाण कसंही मोजलं तरी मुदत कधीच संपली. १०-अ चा आधार घ्यायचा तो त्या काळातच घ्यायला हवा होता.

माळशिरसकर
फसवणुकीला मुदत नसते असं ऐकलंय.

कज्जेदलाल_नव्हे_वकील
चुकीचं ऐकलंय. फसवणूक कळली किंवा नीट चौकशीने कळू शकली असती, तिथून मुदत सुरू होते. आत्याबाईंना लहानपणापासून माहीत आहे, मग आज कळलं असं कोर्टात कसं सांगणार?

जुना_तलाठी
एक राहिलं. कसत कधीपर्यंत होता? १ एप्रिल १९५७ ला तुमच्यापैकी कुणी त्या रानात कूळ असतं तर कूळ कायद्याने मालकी लागली असती.

रानातली_चिंच
नाही. आजोबा त्याच्या बरेच आधी मुंबईला गिरणीत गेले. रान तेव्हाच सुटलं.

जुना_तलाठी
मग तोही रस्ता बंद. वाईट वाटतं, पण भावाचे पैसे वाचवा.

रानातली_चिंच
भावाला हा धागा पाठवलाय. चिडलाय, पण सोमवारचं रद्द केलंय. आत्याला आकड्यांसकट सगळं वाचून दाखवलं. आपले आजोबा रान विकून बसले असं नात्यातले लोक तिला आयुष्यभर ऐकवत आले. तिला ४२ आणि १७५ चा हिशेब वहीत लिहून हवा होता, दिला. वकीलसाहेब, तलाठीकाका, पेठेतले, सगळ्यांचे आभार. कबुलायतीच्या मागे अजून चार ओळी आहेत, त्या लागल्या नाहीत.

मोडीमित्र
उजेडात सरळ वरून फोटो काढून इथे टाका, नावं झाका. खंड भरल्याच्या पोच असतील. १८७९ च्या त्या कायद्याने सावकाराला पावती द्यावीच लागे.

अबोली_२२
मोडीमित्र, आमच्याकडेही असाच एक गठ्ठा आहे. बारामतीकडे कुणी वाचून देणारं आहे का? लॅमिनेट केलेलं नाही.