मदत हवी आहे : शाळेतला जुना बीबीसी मायक्रो आणि बुरशी आलेल्या फ्लॉप्या

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत 'एससीएल युनिकॉर्न' हा जुना संगणक मिळाला आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये आणलेल्या बीबीसी मायक्रोची ही भारतीय आवृत्ती. ८०च्या दशकात केंद्र सरकारच्या 'क्लास' या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळाशाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले होते. ३२ केबी मेमरी, ६५०२ प्रोसेसर, वरच्या ओळीत लाल फंक्शन कळा. खोली रंगकामासाठी रिकामी होणार आहे आणि बाकीचं सामान भंगारात जाणार आहे. एवढं मला न्यायला मुख्याध्यापिकाबाईंनी परवानगी दिली आहे.

यंत्रापेक्षा मला काळजी सोबतच्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांची आहे. लेबलांवर शाईने 'काळ-काम-वेग', 'नववी भूमिती', 'सहामाही निकाल' असं लिहिलंय. गणिताच्या सरांनी बेसिक या संगणक-भाषेत स्वतः लिहिलेले हे प्रोग्राम. बीबीसी मायक्रोचे विकतचे खेळ आणि मॅन्युअल नेटवर मुबलक आहेत, ही भूमिती मात्र जगात फक्त या चकत्यांवर आहे. आणि कोकणातली हवा तुम्हाला ठाऊकच आहे, काहींवर पांढरी बुरशी दिसते. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये फिरवली तर चुंबकीय थर खरवडला जातो आणि हेडही घाण होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात हे माहीत आहे. पण पाकिटाच्या खिडकीतून चकती हळूहळू फिरवत पुसावी, की पाकिटाची कड कापून ती बाहेर काढावी? हे ज्यांनी हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाचण्यासाठी 'ग्रीजवीझल' बोर्ड (जुना फ्लॉपी ड्राइव्ह आजच्या संगणकाला जोडणारा) घ्यायचा विचार आहे. एकॉर्नच्या डीएफएस (त्यांची फाइल साठवण्याची पद्धत) फ्लॉप्या सिंगल डेन्सिटीच्या, म्हणजे विरळ नोंदीच्या, आणि ४० ट्रॅकच्या (चकतीवरची नोंदीची वर्तुळं) असल्या तर एका बाजूला जेमतेम १०० केबी. ग्रीजवीझल कच्चे चुंबकीय बदलच टिपतो, त्यामुळे डेन्सिटीची अडचण येऊ नये. खरी अडचण सव्वापाच इंची चालू ड्राइव्हची. पुणे-मुंबईत कुणाकडे आहे का? ८० ट्रॅकचा असला तरी चालेल, वाचताना हेड दोन-दोन ट्रॅकची पावलं टाकत नेता येतं.

यंत्राला अजून वीज दिलेली नाही. मूळ बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले रिफा कंपनीचे फिल्टर कपॅसिटर तडकतात, आत दमट हवा जाते आणि चालू केल्यावर खोलीभर धूर होतो. युनिकॉर्नमध्येही तेच आहेत का, की सप्लाय वेगळा आहे? उघडून पाहिलेल्या कुणी फोटो टाकला तर फार बरं होईल. ते कपॅसिटर बदलल्याशिवाय बटण दाबणार नाही.

'एमुलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालव' हा सल्ला कृपया नको, आधी फ्लॉपीवरचं बाहेर तर यायला हवं. ड्राइव्ह असलेल्यांनी इथे लिहा किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फ्लॉप्या कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन.