बंदुकीच्या बळींची स्मारकं: कलानगरीला लाज वाटायचं काय कारण?

पेठेतला_पक्का
परवाची पोस्ट वाचून डोकं उठलं, म्हणून एवढं लांब लिहितोय. पोस्टचा मथितार्थ असा: अमेरिकेत गोळीबारात मेलेल्यांसाठी काचेच्या विटांची घरं बांधली, मेक्सिकोत बंदुका वितळवून फावडी केली, आणि कोल्हापूरच्या चित्रकारांना मात्र रंकाळ्याच्या सूर्यास्तापलीकडं काही सुचत नाही. लाज वाटली पाहिजे म्हणे.

कशाची लाज, भावा? शिकागोत 2019 ला चार घरं मांडली. एका घरात 700 विटा, कारण तेव्हा अख्ख्या अमेरिकेत आठवड्याला सरासरी तेवढी माणसं बंदुकीनं मरायची. चार घरं म्हणजे महिन्याचा हिशेब. लोक आले, डोळे पुसले, फोटो काढले. बंदुकांची दुकानं दुसऱ्या दिवशी उघडलीच की! आपल्याकडं 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगलं तर आत. रोग त्यांचा, औषध त्यांचं, आपण कशाला काढा पीत बसायचं?

आणि इथं उद्या भिंत रंगवायची ठरली तर पहिला चेहरा कुणाचा येईल ते मला विचारा. कट्टा कमरेला लावून स्टेटस ठेवणाऱ्या एखाद्या ‘भाऊं’चा. आधीच चौकाचौकात ते फ्लेक्सवर हसतायत.

रंगपेटी
अर्धवट वाचून लिहिलंय. त्या 700 मध्ये निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत, म्हणजे तुझे ‘भाऊ’ त्यात बसत नाहीत. आणि विटा मोजायला ठेवलेल्याच नाहीत. एकेक वीट कपाटाच्या खणासारखी आहे. घरच्यांनी आपल्या माणसाची वस्तू दिली की ती आत ठेवतात. खाली नाव, जन्मसाल, मृत्युसाल. कशानं मेला, कुणी मारला, काही नाही.

आणि हे परक्यांचं औषध वगैरे बोलू नकोस. करवीर तालुक्यातल्या बीडला जाऊन वीरगळ बघ. खालच्या पट्टीत माणूस मरतो, मधल्या पट्टीत अप्सरा उचलून नेतात, वर शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसतो, माथ्यावर चंद्रसूर्य. मारला गेलेल्या माणसाचं दगडात चित्र काढायची रीत आपल्या मातीत शेकडो वर्षांची आहे.

पेठेतला_पक्का
वीरगळ तू आणलास ते बरं केलंस. तो वीरगळ आहे. गुरं राखताना, गाव राखताना लढून पडला त्याचा. रस्त्यानं चाललेल्याला बाण लागला तर त्याचा दगड कुणी उभा केला का? नाही. म्हणजे मेलेल्याचं चित्र काढलं की तो वीर होतो, हीच तर माझी तक्रार. टोळीतल्या पोराचं चित्र काढा, वर्षभरात त्याला अप्सरा उचलून नेतील.

सागरमाळकर
16 फेब्रुवारी 2015. सकाळी फिरून घराकडं येताना पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या, उमाताईही जखमी झाल्या. 20 तारखेला अण्णा मुंबईत गेले. हातात शस्त्र नसलेला म्हातारा माणूस. त्याला तुझ्या वीरगळाच्या कोणत्या पट्टीत बसवतोस, सांग की. पुण्यात दाभोलकरही 20 ऑगस्ट 2013 ला असेच सकाळी फिरायला निघाले होते. ‘आमच्याकडं कायदा आहे’ हे जरा हळू म्हण.

पेठेतला_पक्का
अण्णांबद्दल कुणी वाद घालत नाही. ते पुढारी होते, त्यांच्या मागं चळवळ होती. निर्भय मॉर्निंग वॉक निघाला, शेकडो माणसं चालली. माझ्या मते ते चालणं कुठल्याही चित्रापेक्षा भारी स्मारक. मी बोलतोय ज्याच्या मागं कुणी चालत नाही त्याबद्दल.

ब्रश_सुटलेला
चर्चा भलतीकडंच चाललीय. खरा खुनी फ्लेक्स आहे. मी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. ज्या गावात जी. कांबळेंनी सिनेमाचे बॅनर रंगवले, तिथं आज हातानं चेहरा काढणारा माणूस शोधून सापडत नाही. पूर्वी पोरगं गेलं की बाप पासपोर्टचा फोटो घेऊन दुकानात यायचा. एकाचं काढलं होतं, पोराला भांडणात गोळी लागलेली. आई येऊन मागं उभी राहिली आणि म्हणाली, कान एवढे मोठे नव्हते. पुसले, परत काढले. मग म्हणाली, आता लई बारीक झाले. त्या कानांवर आमची एक संध्याकाळ गेली. मशीन काढतंय का असे कान?

फ्लेक्स_२४तास
काका, पोटावर पाय देऊ नका. रात्री दोनला फोन येतो, सकाळी रक्षाविसर्जनाच्या आधी बोर्ड पाहिजे. फोटो काय पाठवतात? लग्नातला ग्रुप, गॉगल घातलेला. डोळे दुसऱ्या फोटोतून आणायचे. खांद्यावर मित्राचा हात असतो, तो पुसायचा. एकदा पोऱ्याकडनं दोन बोटं राहिली, बोर्ड तसाच चौकात लागला, तेरा दिवस त्या दोन बोटांबद्दल शिव्या खाल्ल्या. आम्हाला काय हौस हाय?

ब्रश_सुटलेला
बघा! दोन बोटं राहिली म्हणतो आणि वर तोंड करून सांगतो.

फ्लेक्स_२४तास
तुमच्या काळी माणूस मेल्यावर महिन्यानं पाटी मिळायची. तोवर रडायचं थांबायचं काय लोकांनी? आणि वाढदिवसाला सगळे आमच्याकडंच येतात, तेव्हा कुठं जाते तुमची कला?

रंगपेटी
विषय फ्लेक्सचा नाही हो.

ब्रश_सुटलेला
विषय फ्लेक्सचाच आहे. तुम्ही आर्ट स्कूलवाल्यांनी कधी पाटीवाल्याला चित्रकार मानलं? प्रदर्शनात आमचं एक तरी काम लावलं का? आता अमेरिकेनं केलं की ती कला झाली.

कोल्हापूर_ते_फिली
मी फिलाडेल्फियात राहते, माहेर शिवाजी पेठ. इथं कोपऱ्यावर पोरगं पडलं की संध्याकाळपर्यंत खांबाला फुगे, मेणबत्त्या, टेडी बांधलेले असतात. दोन पावसात टेडी भिजून लोंबायला लागतात, मग कचऱ्याची गाडी नेते. ‘बीटल्स’ बँडचा गायक जॉन लेनन, त्याला 1980 मध्ये गोळ्या घालून मारलं तर त्याच्या मित्रानं नळीला गाठ मारलेलं पिस्तूल घडवलं, ते ब्राँझमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या दारात उभं आहे. लेननला ब्राँझ, पोराला टेडी.

म्हणून इथं ‘सोल्स शॉट’ नावाचा उपक्रम निघाला. चित्रकार आधी घरच्यांना भेटतो, त्यांचं ऐकून घेतो, मग चित्र काढतो. काका, तुम्ही कान पुसून परत काढले ना, अगदी तेच. तुमच्याकडं कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही एवढाच फरक.

आणि पक्का, टोळीतला असो नाहीतर नसो, आईला कान तेवढेच आठवतात.

पेठेतला_पक्का
ताई, आईचं दुःख मध्ये आणलं की समोरच्यानं गप्प बसायचं, असा नियम झालाय. त्याच भांडणात ज्याचं दुकान जाळलं त्याच्या आईचं काय? माझ्या मामाचं दुकान अशाच राड्यात गेलं. गोळी लागलेल्या पोराचा बोर्ड वर्षभर त्याच चौकात होता, दुकानाच्या बरोबर समोर. मामा शटर उघडताना त्याच्याकडं बघायचा नाही.

सागरमाळकर
हे आधी सांगितलं असतंस तर निम्मा धागा वाचला असता.

पेठेतला_पक्का
तुम्हाला आकडे पाहिजे होते ना! बरं, मेक्सिकोच्या फावड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुलियाकानमध्ये 2008 ला लोकांकडनं 1527 बंदुका घेतल्या, तेवढीच फावडी केली, झाडं लावली. त्यात निदान कुणाचा चेहरा मोठा होत नाही, आणि लोखंड कमी झालं हे दिसतं.

रंगपेटी
फावड्यावर नाव नाही, म्हणून तुला चालतं. नाव आलं की तुला ‘भाऊ’ दिसतो.

पेठेतला_पक्का
दिसणारच. चला, तुमचंच खरं, कलानगरी महान. माझी अट लिहून घ्या: नाव, जन्मसाल, मृत्युसाल आणि घरच्यांनी दिलेली एक वस्तू. ‘किंग’, ‘वाघ’, ‘भाऊ’ काही नाही. खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीस जणांचे फोटो नाहीत, नगरसेवक तर अजिबात नाही. एवढं जमत असेल तर मामाच्या दुकानाची भिंत मी विचारून देतो. चेहरे ब्रशकाकांनी काढायचे, आर्ट स्कूलवाल्यांनी फक्त चुना लावायचा.

ब्रश_सुटलेला
हात थरथरतो आता. पण कान काढीन.

फ्लेक्स_२४तास
शोकाकुलांचे फोटो नाहीत तर पैसे कोण देणार, तेवढं सांगा.